तर

पळसदेव मागं पडल्यावर डावीकडे वळलो,
तेव्हा मी विचारलं, हा रस्ता कुठं जातो?
पाण्यात, म्हणाले. आणि हसले.
एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस
हसण्याआधी घसा साफ करतो.

गाडी म्हणजे जुनी रुग्णवाहिका.
भोसरीच्या भंगारातून आणली, दोनदा रंग दिला,
तरी ऊन तिरपं पडलं की निळ्याखालून
ती उलटी अक्षरं वर येतात.
आत प्लायचा पलंग, शेगडी, पाण्याचा कॅन,
माझ्यासाठी एक आरसा, फार उंच लावलेला.
समोरच्या कुमुदिनी वहिनी म्हणाल्या, हौस!
मी म्हटलं, हौसच.
दुसरा शब्द मलाही सापडला नव्हता.

धक्क्यावर अंकुश मल्लाव आणि त्याचं पोरगं.
लोखंडी तर. एरवी वाढं, शेळ्या, मोटारसायकली नेणारी.
वळसा घातला तर ऐंशी किलोमीटर, इथून अर्धा तास.
नऊशे म्हणाला, सातशेवर आला,
चाकांखाली चार दगड सारले.
"हँडब्रेकवर इस्वास ठेवू नका," एवढंच बोलला.

मी आतच बसून राहिले.
खिडकीला माझ्याच जुन्या परकराचा पडदा,
तो हलत होता
आणि खाली रस्ता नव्हता.

मधोमध इंजिन खोकलं. थांबलं.
पंख्यात जलपर्णी.
अंकुश विळा घेऊन उतरला, गळ्याइतक्या पाण्यात
एका हातानं तर धरून कापत राहिला,
शिव्या देत राहिला, कुणाला ते कळेना.
शेवटी म्हणाला, "पुण्याची घाण. तुमच्याकडनंच येती."
खरंच होतं.
चिंचवडला रोज सकाळी मी मोरीत जे ओतते
ते पवनेतून मुळेत, मुळेतून भीमेत,
रजेचा अर्ज न करता
आमच्या आधी सुट्टीला येऊन बसलं होतं.

पंख्याचं एक पातं वाकलेलं.
ह्यांनी बॅटरीच्या उजेडात त्यावरून अंगठा फिरवला,
खूप वेळ फिरवला.
लेथ असता तर, म्हणाले.
त्या तरवरच मग रात्र काढली.

पिठलं टाकलं. भाकरी घरच्याच होत्या.
ताटं तीन, पोरगं पातेल्याच्या झाकणात जेवलं.
खाली कुठंतरी अंकुशच्या आज्याची विहीर आहे म्हणे.
जागा ठाऊक आहे त्याला. दाखवली नाही.
आम्हीही विचारलं नाही, कांदा फोडून दिला.
"भोंगा वाजतो का हिचा अजून?" पोरानं विचारलं.
काढून टाकला, म्हणाले हे.

मग मी आडवी झाले.
पाणी पत्र्याला थोपटत होतं, मूल झोपल्यावरही
आई थोपटत राहते तसं, सवयीनं.
या जागी कोण कोण आडवं झालं असेल.
कुणाची बाटली कुणी वर धरली असेल,
सिग्नलला किती जणांनी देव आठवला असेल.
कुणी वेळेत पोचलं, कुणी नाही.
या गाडीत आज पहिल्यांदाच
कुणालाही घाई नव्हती.

तीनच्या सुमारास जाग आली. शेजार रिकामा.
पुढच्या सीटवर दोघं,
स्टिअरिंगवर ते पोरगं, ओठांनी गिअर बदलत,
आणि हे त्याला हळूच काहीतरी दाखवत होते,
एक बटण.

भोंगा काढलेला नव्हता.

पाण्यावरून तो असा धावला
की दोन्ही काठांची कुत्री उठली,
एक दिवा लागला, मग तीन, मग पलीकडचा एक.
अंधारातून कुणीतरी ओरडलं, "काय झालं? कोण हाय आजारी?"
अंकुश धडपडत उठला, तोंडाशी हात नेले:
"कुणी न्हाई! सुट्टीवर हायेत!"

थोडा वेळ काही नाही.
मग एक दिवा हलला, पाण्याकडे उतरू लागला.
मी केस सारखे केले,
आरशाशिवाय.